मिरजेचा मोतीबिंदु आणि नेत्रपटल

डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून मोतीबिंदूचे रुग्ण दुरून तिकडे वळूं लागले. गढुळलेलें भिंग काढतां येई. मागील नेत्रपटलाचा मध्य बिघडल्यास मात्र उपाय नसे. हेल्महोल्ट्झच्या १८५१ च्या नेत्रदर्शकानें तेथील रक्तवाहिन्या दिसल्या. इलाज एकविसाव्या शतकांत आला. डोळ्यांत टोंचलेलें औषध नव्या, झिरपणाऱ्या वाहिन्यांची वाढ रोखतें. गुण ओसरतो, म्हणून सुई पुन्हां पुन्हां घ्यावी लागते. कांहीं रुग्णांच्या मूळ धमन्याही किंचित् आकुंचित झालेल्या आढळल्या आहेत. तरीही विलंबाची हानि मोठी. सातारा-सांगलीकडील वृद्धास सरळ ओळ वांकडी दिसूं लागली, तर मोतीबिंदु पिकण्याची वाट पाहणें म्हणजे उरलेली दृष्टि गमावणें होय.