एस्प्लनेड : तारेपासून इंटरनेट कॉलपर्यंत

एस्प्लनेड हा मुळात फौजी शब्द. किल्ला आणि शहर यांच्यामध्ये मोकळी ठेवलेली जागा, म्हणजे तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको. मुंबईच्या कोटाबाहेरही असं एस्प्लनेड होतं. कोलकात्यात फोर्ट विल्यमसमोरच्या मैदानाच्या कडेला ते नाव टिकून राहिलं. आज तिथे मेट्रो, बसगाड्या आणि फेरीवाल्यांची गर्दी. सुट्टीच्या दिवशी आम्हा फौजींचे पाय इकडेच वळतात, आणि कानाला फोन नसलेला जवान क्वचितच दिसतो. हा इंटरनेट कॉल कुठून आला, हे समजून घ्यायला जागाही हीच चांगली.

सुरुवात तारेपासून. कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे डॉक्टर विल्यम ओ'शॉनेसी यांनी १८३९ साली शहराजवळ बांबूंवर तार टांगून निरोप पाठवण्याचे प्रयोग केले. १८५१ पर्यंत कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन सुरू झाली. हुगळीतून येणाऱ्या जहाजांची खबर त्यावरून येई. तारेची रीत लक्षात ठेवा : लांबचा निरोप मधल्या ठाण्यावर उतरवून घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. कुणासाठी तार राखून ठेवलेली नसे. सगळ्यांचे निरोप एकामागोमाग त्याच तारेवरून जात.

टेलिफोनने ही रीत बदलली. एस्प्लनेडहून उत्तरेला लाल दिघीकडे चालत निघालं की वाटेत कौन्सिल हाउस स्ट्रीट लागतो. तिथल्या ७ नंबरच्या इमारतीत २८ जानेवारी १८८२ रोजी 'सेंट्रल एक्स्चेंज' सुरू झालं. वर्गणीदार अवघे ९३. मुंबई आणि मद्रासच्या एक्स्चेंजचं उद्घाटनही त्याच दिवशी जाहीर झालं. ऑपरेटरने दोन लाइन जोडल्या की रिसीव्हर खाली ठेवेपर्यंत ती वाट फक्त तुमची. बोला नाहीतर गप्प राहा, लाइन अडलेलीच. आणि अडलेल्या लाइनचे पैसे द्यावेच लागत.

एसटीडी बूथ ज्यांनी पाहिले, त्यांना हे सांगायला नको. समोर मीटरचा लाल आकडा पळतोय, मागे रांग खोळंबली आहे, आणि आई विचारते, "जेवलास का?" सगळे बरे आहेत, मनीऑर्डर मिळाली, ठेवतो. त्या आकड्यासमोर गप्प बसणं कुणालाच परवडत नव्हतं.

१९९५ साली दोन गोष्टी पंधरा दिवसांच्या अंतराने घडल्या. ३१ जुलैला लाल दिघीसमोरच्या रायटर्स बिल्डिंगमधून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. गवगवा मोबाइलचा झाला. पण तेव्हाचा मोबाइलही बोलणं संपेपर्यंत वाट राखूनच ठेवत असे. इंटरनेटची चाल वेगळी होती.

तिचं मूळ १९६०च्या दशकातलं. अणुहल्ल्यात काही केंद्रं उडाली तरी निरोप पोचले पाहिजेत, या विचारातून अमेरिकेत पॉल बॅरन यांनी निरोपाचे तुकडे करून मिळेल त्या वाटेने पाठवण्याची कल्पना मांडली. ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे तिथेच पोचले. इंटरनेट कॉलमध्ये नेमकं हेच होतं. आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजून त्याचे आकडे होतात. त्यांची छोटी पाकिटं बनतात, साधारणपणे सेकंदाला पन्नास. प्रत्येकावर क्रमांक आणि पत्ता. मधली ठाणी पाकीट घेतात आणि पुढे ढकलतात. पलीकडचा फोन ती क्षणभर साठवून क्रमाने लावतो. उशिरा आलेलं पाकीट फेकून दिलं जातं, कारण मागचा शब्द आता मागवून उपयोग नसतो. म्हणून आवाज मध्येच तुटतो. एका बाजूचा उशीर साधारण १५० मिलिसेकंदांपलीकडे गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. तेव्हा वायरलेसवरचं "ओव्हर" आठवतं.

म्हणजे राखीव वाट गेली आणि तारेची जुनी रीत नव्या वेगाने परत आली. आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ रोजी, आणि तीही अटी घालून. पुढे स्वस्त डेटा आला आणि घरोघरी हे कॉल पोचले.

यात गमावलंही आहे. जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळे. घरात अंधार असला तरी फोन चाले. मे २०२० मध्ये अम्फान वादळानंतर कोलकात्यातल्या कित्येक भागांत वीज आणि मोबाइल दोन्ही गेले, तेव्हा ही उणीव चांगलीच कळली. घरच्यांना आणि माजी सैनिक मित्रांना माझं सांगणं एवढंच : महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा आणि चार्ज केलेली पॉवर बँक हाताशी असू द्या.

पण मिळालंय ते मोठं आहे. इंटरनेट कॉलमध्ये गप्प बसलं तर लाइन अडत नाही. बऱ्याचदा तेवढा वेळ जवळजवळ काहीच पाठवलं जात नाही. आज बरॅकमधला पोरगा फोन उशाशी ठेवतो, तिकडे गावी आई ओट्यावर फोन टेकवून भाकऱ्या थापते. दहा-दहा मिनिटं दोघं काही बोलत नाहीत. कानावर येतो तो फक्त भाकरी थापल्याचा आवाज.