सनद, करार आणि काटकसर : वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न

राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला म्हणजे काटकसरीची भाषा सुरू होते. परंतु काटकसरीचा आरंभ कोणापासून करावयाचा, या प्रश्नाचे उत्तर क्वचितच केवळ हिशेबावर ठरते. ज्यांना पूर्वी वचने दिली गेली, त्यांपैकी कोणाचे वचन कायद्याने बांधलेले होते आणि कोणाचे सरकारच्या मर्जीवर सोडलेले होते, यावर ते बव्हंशी अवलंबून असते. हिंदुस्थानातील सनदी सेवेच्या निवृत्तिवेतनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१. दोन अर्थांचा एक शब्द

‘सनदी नोकर’ या मराठी शब्दप्रयोगामागील इंग्रजी कल्पना वस्तुतः करारपत्राची आहे. कंपनीचे वरिष्ठ मुलकी नोकर तिच्याशी लेखी करार करून येत. करार दोन पक्षांत होतो. सनद वरून खाली दिली जाते. मराठीने करारी नोकराला ‘सनदी’ म्हटले. परंतु ज्यांच्या हाती खऱ्याखुऱ्या सनदा होत्या, त्यांचा अनुभव वेगळाच होता. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने दक्षिणेतील इनामांची कसून छाननी केली व अनेकांची इनामे गेली. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावास ठरवून दिलेले सालीना आठ लाख रुपयांचे पेन्शन १८५१ मध्ये त्याच्या निधनाबरोबर संपले, असा निर्णय कंपनीने दिला. पुढे १८७१ च्या पेन्शन कायद्याने अशा नेमणुकांसंबंधीचे दावे सामान्यतः दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. तात्पर्य, ‘पेन्शन’ हा एकच शब्द एकीकडे कृपेने दिलेली नेमणूक आणि दुसरीकडे कराराने मिळालेला हक्क, असे दोन अर्थ वाहत होता.

२. पौंडाचे ओझे

पंचवीस वर्षांची सेवा पूर्ण करणाऱ्या सनदी अधिकाऱ्यास वर्षाला एक हजार पौंड निवृत्तिवेतन मिळे. ते पौंडांत ठरलेले असल्यामुळे रुपया घसरला की त्याचा भार हिंदी करदात्यावर पडे. १८७० च्या सुमारास रुपयाचा भाव जवळजवळ दोन शिलिंग होता; तेव्हा हजार पौंडांस दहा हजार रुपये लागत. १८९२ च्या सुमारास भाव सव्वा शिलिंगापर्यंत उतरला, तेव्हा त्याच रकमेस सोळा हजार रुपये लागू लागले. निवृत्त अधिकाऱ्याच्या पदरात एक पेनीही अधिक पडली नाही, पण रयतेचे देणे मात्र दीडपटीहून अधिक झाले.

याच काळात सरकार काटकसरीच्या वाटा शोधीत होते. १८८६ मध्ये नेमलेल्या वित्त समितीवर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे सदस्य होते. त्याच वर्षी प्राप्तिकर आला. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. ब्रह्मदेशावरील स्वारी व लष्करी खर्च हीही त्याची कारणे होती, हे विसरता येत नाही. तथापि १८९३ मध्ये युरोपीय अधिकाऱ्यांना विनिमयातील तोटा भरून देणारा भत्ता मंजूर झाला, तेव्हा रुपयाच्या घसरणीपासून कोणाला वाचवावयाचे, हे सरकारने आपल्या कृतीनेच सांगितले. १८९७ मध्ये डेक्कन सभेच्या वतीने वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी या भत्त्यावर व परकीय नोकरशाहीच्या खर्चावर टीका केली. त्या वेळी देशात दुष्काळ आणि मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता.

३. कायद्याची तटबंदी

१९१९ च्या कायद्याने भारतमंत्र्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला स्पष्ट संरक्षण दिले : नियम बदलता येतील, पण पूर्वी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनास बाधा येईल असा बदल करता येणार नाही. १९२३ मध्ये इंचकेप समितीने सुमारे एकोणीस कोटी रुपयांची खर्चकपात सुचविली. त्याच वर्षी मिठाचा कर दुप्पट करण्यात आला. आणि १९२४ मध्ये ली आयोगाने वरिष्ठ सेवांना अधिक भत्ते व प्रवासाच्या सवलती देण्याची शिफारस केली.

१९३१ च्या मंदीत सरकारी वेतनात दहा टक्के तात्पुरती कपात झाली. कारकुनाच्या पगाराला कात्री लावण्यास हिंदुस्थानातील सरकारचा आदेश पुरेसा होता. संरक्षित अधिकाऱ्यांसाठी मात्र ब्रिटिश पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तोही वेतनापुरताच होता. कायमची काटकसर पडली ती नव्याने नोकरीत येणाऱ्यांवर : त्यांच्यासाठी कमी वेतनश्रेणी ठरल्या. त्याच वर्षी कराची काँग्रेसने अधिकाऱ्याचे वेतन सामान्यतः पाचशे रुपयांहून अधिक नसावे, असा ठराव केला होता.

४. संविधानातील दोन वचने

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कराराने भारताने पौंडांतील निवृत्तिवेतनांच्या तरतुदीसाठी केंद्रातर्फे १४ कोटी ७५ लाख व प्रांतांतर्फे २ कोटी ५ लाख पौंड आपल्या स्टर्लिंग शिलकेतून दिले. ती शिल्लक युद्धकाळातील टंचाई व महागाई सोसून साठलेली होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत या सेवकांना हमी देण्याचा प्रश्न आला, तेव्हा अनंतशयनम अय्यंगार यांनी कडाडून विरोध केला; सरदार पटेल यांनी दिलेला शब्द पाळण्याचा आग्रह धरला. पटेलांची बाजू दुबळी नव्हती. ज्याने उमेदीची वर्षे एका आश्वासनावर बेतली, त्याला उतारवयात ते नाकारणे हाही अन्यायच होय. आणि शब्द मोडणाऱ्या राज्यावर इतरांचाही विश्वास राहत नाही.

तथापि त्याच संविधानात वृद्धापकाळासंबंधी दुसरेही एक वचन आहे. अनुच्छेद ४१ वृद्धपणी सार्वजनिक साहाय्य देण्याचे सांगतो, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. शिवाय ते न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाही. अनुच्छेद ३१४ मधील अधिकाऱ्यांच्या हमीस अशी मर्यादा नव्हती. मूठभरांचे वार्धक्य हक्काने सुरक्षित झाले, कोट्यवधींचे तिजोरीतील शिलकीवर राहिले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले आणि १९७२ मध्ये अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१४ वगळण्यात आला.

५. निष्कर्ष

१९८२ मध्ये नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही कृपा नसून हक्क आहे, असा निर्वाळा दिला. सनदी अधिकाऱ्यास कायद्याने फार पूर्वी जे मानले होते, ते सामान्य सरकारी सेवकासाठी इतक्या उशिरा मान्य झाले. तरीही १९३१ ची रीत संपली नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून व महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांसाठी जुनी व्यवस्था बंद झाली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी केलेल्या संपाचे मूळ तेथेच होते. जुन्यांचे वचन अभंग राखून नव्यांना कमी देणे, हा काटकसरीचा सर्वांत निर्वेध मार्ग ठरतो, कारण नियम ठरताना नवा मनुष्य तेथे हजरच नसतो.

म्हणून वरिष्ठांचे निवृत्तिवेतन अवाजवी होते काय, एवढाच प्रश्न अपुरा आहे. शब्द पाळणे हा राज्याचा धर्म होय. पण एका वर्गाला करार आणि दुसऱ्याला केवळ सदिच्छा, अशी वाटणी ज्याने केली, त्याला कराराचे पावित्र्य सांगून त्या वाटणीच्या जबाबदारीतून सुटता येत नाही.