बहमनी राज्यातील वेतनाची तफावत आणि महमूद गवान

एकाच संस्थेतील सेवकांच्या वेतनात किती अंतर असावे? लाझियर व रोझेन यांनी १९८१ मध्ये मांडले की, वरच्या जागेचा मोठा मोबदला खालच्यांना झटण्यास प्रवृत्त करतो. अकरलॉफ व येलेन यांनी १९९० मध्ये दुसरी बाजू दाखविली: मोबदला अन्याय्य वाटल्यास माणूस हात आखडता घेतो. बीदरच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी पाहावयास मिळतात.

पंधराव्या शतकात बहमनी दरबारात इराण-इराककडून आलेले आफाकी आणि येथे रुजलेले दख्खनी असे दोन गट होते. दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या काळात आफाकींना दरबारात उजवीकडे व दख्खनींना डावीकडे स्थान मिळाले. मान व हुद्दे यांतील हा भेद कामावरून नव्हे, तर मुळावरून ठरत होता. हे वैर चाकणच्या कत्तलीपर्यंत पोहोचले.

वजीर महमूद गवान स्वतः आफाकी होते. तरीही त्यांनी मोठ्या जागा दोन्ही गटांत वाटल्या. गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड व तेलंगण या चार तरफांच्या त्यांनी आठ केल्या आणि तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. फरिश्ता लिहितो की, पाचशे स्वारांमागे वर्षाला मिळणारे १ लाख हून वाढवून सव्वा लाख करण्यात आले. मात्र जितके स्वार कमी भरतील, तितकी रक्कम खजिन्यात परत करावी लागे. म्हणजे वेतनातील अंतर राहिले, पण त्याला कामाचे माप लागले.

वेतन वाढले, तरी किल्ले व मुलूख गेल्याने बडे सरदार दुखावले. ओडिशाच्या राजाला लिहिलेले म्हणून एक बनावट पत्र सुलतानापुढे ठेवण्यात आले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी गवानांचा शिरच्छेद झाला. त्यानंतर सरदार सुलतानाच्या छावणीपासून दूर तळ ठोकू लागले. पुढे विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा व बीदर अशी पाच राज्ये झाली.

यावरून असे दिसते की, राज्य केवळ वेतनातील अंतराने खचले नाही. अंतराचे कारण पटेनासे झाले, तेव्हा निष्ठा आटली. आणि न्याय्य नियम एकाच माणसाच्या आधारावर उभा असल्याने त्याच्यामागे टिकला नाही. एकाच वर्गात तोच पाठ शिकविणारे कायम प्राध्यापक व अतिथी व्याख्याते ज्या महाविद्यालयांत आहेत, तेथे हा प्रश्न आजही विचारावा असाच आहे.