ट्रेलरच्या चाकांचे असमान तापणे

एकाच ट्रेलरची काही चाके अथवा टायर प्रवासात इतरांहून स्पष्टपणे अधिक तापण्याच्या स्थितीस चाकांचे असमान तापणे म्हणतात. धावताना सर्वच चाके काही अंशी तापतात. एखादेच चाक वेगळे तापल्यास बिघाडाची शक्यता असते. दुर्लक्ष झाल्यास टायर फुटणे, चाक निखळणे किंवा आग लागणे संभवते.

कारणे

हब तापलेला असून टायर तुलनेने थंड असल्यास ब्रेक अडकणे, बेअरिंग झिजणे किंवा ग्रीस अपुरे असणे ही कारणे संभवतात. टायर तापून हब थंड राहिल्यास हवा कमी किंवा भार अधिक असतो. एका बाजूचे टायर तापण्यामागे एकतर्फी भार अथवा त्या बाजूचे ऊन असू शकते. हब इतरांहून फारच थंड असल्यास त्या चाकाचा ब्रेक लागत नसण्याची शक्यता असते.

निदान

थांबताच अवरक्त तापमापकाने प्रत्येक चाकावर एकाच जागी तापमान मोजून तुलना करतात. चकाकत्या धातूवर हे माप कमी दिसू शकते. हात लावून पाहिल्यास भाजण्याचा धोका असतो. नंतर चाक जॅकवर उचलून फिरवतात व हलवून पाहतात. घरघर किंवा ढिलेपणा जाणवल्यास बेअरिंग तपासतात. हवेचा दाब टायर थंड असताना मोजतात. तापलेल्या टायरमधील हवा सोडत नाहीत.

बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातील मेहकर व सिंदखेडराजा परिसरातून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. विदर्भाच्या उन्हाळ्यात अशा मार्गावर दीर्घकाळ न थांबता वाहन चालवल्यास टायरला निवण्यास अवधी मिळत नाही. त्यामुळे थांब्यावरील ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते.