दिंडं, जिनप्पांग आणि आजीचा गहू

कोरियन मालिकांत थंडी पडली की कुणीतरी दुकानातून वाफाळता पांढरा बन आणतं. तो मधोमध फोडला की आत काळपट लाल, गोड सारण. हा जिनप्पांग. 'जिन' म्हणजे वाफवलेला आणि 'प्पांग' म्हणजे पाव. दोन्ही शब्द पोर्तुगीजांच्या 'पाँव'वरून आलेत: आपल्याकडे गोव्याच्या वाटेने, कोरियात जपानच्या.

गेल्या श्रावणात वडवणी तालुक्यातल्या आमच्या घरी मी तो करायला घेतला. सारणाला लागते अझुकी नावाची बारीक लाल डाळवर्गीय बी. ती कुठून मिळणार? राजमा घ्यावा असं वाटलं होतं, पण राजमा मुळात अमेरिका खंडातला. अझुकीची खरी भावंडं म्हणजे आपली चवळी आणि मूग. म्हणून लाल चवळी रात्री भिजवली, सकाळी शिजवली, गूळ घालून आटवली.

आजी चुलीपाशी येऊन बसली. "चवळीचं पुरण करायलीस व्हय?"

मी कोरिया, मालिका, यीस्ट असं बरंच सांगितलं. तिनं उलथनं पुरणात उभं करून पाहिलं, ते पडलं. "आटू दे आजून. अन् उकडायचंच हाय तर मग हे दिंडच की गं."

तिचं बरोबर होतं. नागपंचमीला आमच्याकडे तवा चढत नाही, विळी-सुरी चालत नाही, रानात नांगर लावत नाहीत. म्हणून पुरणपोळी भाजायच्या ऐवजी कणकेची पुरी लाटायची, मध्ये हरभरा डाळीचं पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी पाकिटासारखी घडी घालायची आणि चाळणीवर वाफवायचं. वर तूप. जिनप्पांगशी फरक एवढाच, की त्याची कणीक फुगवलेली असते, आणि ती मैद्याची.

माझी कणीक त्या दिवशी फुगलीच नाही. यीस्टमध्ये मी उकळतं पाणी ओतलं होतं. पहिला घाणा दगड झाला. दुसरा फुगेपर्यंत दीड तास होता, आणि तेवढ्यात आजी गव्हाबद्दल बोलायला लागली.

बालाघाटाच्या हलक्या रानात रोजची भाकरी ज्वारीची. गहू विहिरीच्या पाण्यावर, थोडाच, तोही सणासाठी राखलेला. आजी लग्न होऊन आली तेव्हा दिंडं वर्षातून एकदाच व्हायची, तीही माणशी मोजून. मग १९७२चा दुष्काळ आला. ती खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. मिलोची भाकरी तिला अजून आठवते आणि आठवली की तोंड वाकडं होतं. गहू रोजच्या ताटात आला तो त्यानंतर, हळूहळू, रेशनच्या पिशवीतून.

कोरियाची गोष्ट ऐकून मला म्हणूनच गंमत वाटली. तिथंही रोजचं अन्न तांदूळ आणि बार्ली. गव्हाचं पीठ दुर्मीळ. तेराव्या शतकातल्या 'सांगह्वाजॉम' या गाण्यात परदेशी दुकानदाराकडच्या वाफवलेल्या बनांचा उल्लेख आहे, म्हणजे ती बाहेरून आलेली नवलाई होती. टोकियोच्या गिंझा भागात किमुरा यासुबेई यांनी १८७४ मध्ये अझुकीचं सारण भरलेला पाव काढला, तोही तांदळाच्या दारूच्या विरजणाने फुगवून. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. पाव भाजायची रीत त्या काळात तिकडे रुजली.

पण हा बन गरिबाच्या हातात आला तो १९५०–५३च्या युद्धानंतर, अमेरिकेच्या जादा गव्हामुळे. हा गहू ज्या कायद्याखाली यायचा तो १९५४चा 'पीएल-४८०'. भारतानेही १९५६ मध्ये त्याच कायद्याखाली करार केला. कोरियात सरकार लोकांना पिठाचे पदार्थ खायला लावत होतं. शाळेत शिक्षक मुलांचे डबे उघडून भातात बार्ली मिसळलीय का ते बघायचे. आपल्याकडे १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री जेवू नका म्हटलं. १९७१ मध्ये साम्लिप कंपनीने कारखान्यातला 'होप्पांग' बाजारात आणला. त्याच्या पुढच्याच वर्षी आजी खडी फोडत होती.

दिंडांचं आणखी एक आहे. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. संक्रांत फडावर, होळी फडावर. पुरणपोळी कोपीसमोर तीन दगडांच्या चुलीवर, झाली तर. माझं लहानपण तसंच गेलं. एप्रिल-मे मध्ये लोक परततात, म्हणून नागपंचमी हा घरात होणारा सण. आईला पुरणपोळीपेक्षा दिंडं का आवडतात हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, "तवा लागत नाही, अन् घरची चूल असती."

आमच्या चवळीत गूळ आहे, आणि तो ऊस कुणी तोडला असेल हे घरात कुणी बोललं नाही.

दुसरा घाणा फुगला. मी एक बन मालिकेतल्यासारखा मधोमध फोडून आजीला दिला. तिनं वास घेतला, "पावच हाय," म्हणाली आणि वाटीतलं कोमट दूध ओढून तो त्यात कुस्करला. तूप मागितलं. मग आणखी एक मागितला.