सौंदत्तीची वाट आणि शाहू महाराजांचा कायदा



मुलीच्या केसात जट आली की आपल्याकडे म्हणायचे, "यल्लम्मानं हाक मारली." मग मुलीला देवीला सोडायचे, गळ्यात मणी बांधायचे. तिचे लग्न होत नसे. परडी घेऊन जोगवा मागायचा. कितीतरी जणींची वाट पुढे वेश्यावस्तीत गेली.

हे थांबावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी 1920 साली करवीर संस्थानात कायदा केला. मुंबई इलाख्यात तो यायला 1934 उजाडले. म्हणजे आपले कोल्हापूर 14 वर्षे पुढे! पण सौंदत्तीचा डोंगर बेळगाव जिल्ह्यात, संस्थानाच्या हद्दीबाहेर. कायदा वेशीवर थांबला, जत्रेला जाणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तिकडे नवा कायदा 1982 साली झाला, महाराष्ट्रात 2005 साली.

मग या कायद्यांनी काय साधले? मुली सोडणे हा गुन्हा ठरला, उघड सोडणे कमी झाले. पण काही ठिकाणी तेच घरात, गुपचूप होऊ लागले. आधीच सोडलेल्या बाईच्या पोटाचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. 1956 च्या अनैतिक व्यापाराच्या कायद्याचा रोख कुंटणखाना चालवणाऱ्यांवर आणि दलालांवर होता. पण रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे हाही गुन्हा ठरला, आणि पोलिसांच्या हाती बाईच लागत राहिली.

1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. या चळवळीतून बायाच बोलू लागल्या : पेन्शन द्या, घर द्या, पोरांना शाळेत घ्या. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की या धंद्यातल्या बाईलाही पोलिसांनी माणुसकीने वागवावे.

आम्हाला वाटते, कायदा दार बंद करतो. दुसरे दार आपल्याला उघडावे लागते. आपल्या गावात एखादी म्हातारी जोगतीण असेल, तर तिला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात का, बचत गटात विचारा. हळदीकुंकवाला तिला बोलावतो का, हे स्वतःला विचारा. आणि पोरीच्या केसात जट दिसली, तर ती न विंचरलेल्या केसांचा गुंता आहे. कात्री घ्या, कापून टाका. देवी रागावत नाही.