एकादशी ते रविवार : पाली परिसरातील मुलांच्या संगीतशिक्षणाचा इतिहास

बीड शहराच्या दक्षिणेस, सोलापूर–धुळे महामार्गावर आणि बिंदुसरा नदीवरील धरणाच्या जवळ वसलेल्या पाली गावाचे नाव संगीताच्या इतिहासग्रंथांत सहसा आढळत नाही. तथापि ग्रामीण मराठवाड्यात गाता गळा किंवा वाजता हात असलेल्या मुलाला शिक्षण कसे मिळत गेले, हे समजून घ्यावयाचे असेल, तर अशाच एखाद्या गावाकडून त्या इतिहासाकडे पाहणे उपयुक्त ठरते. शाळा सांभाळून शनिवार-रविवारी गायन-वादन शिकण्याची आज सर्वत्र रूढ झालेली पद्धत वरवर पाहता शहरी वाटते. परंतु बीडच्या पंचक्रोशीत, ठरावीक दिवशी एकत्र जमून मुलांनी संगीत शिकावे ही व्यवस्था रविवारच्या सुटीहून कितीतरी जुनी असून, ती पंचांगातील एकादशी, चातुर्मास आणि सप्ताह यांच्याशी बांधलेली होती. या दोन कालगणनांचा परस्परांशी आलेला संबंध हाच या भागातील बालसंगीतशिक्षणाच्या इतिहासाचा गाभा होय.

हा परिसर गेय भक्तिपरंपरांनी समृद्ध आहे. पालीच्या पुढे मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी असून, ‘परमरहस्य’ या ग्रंथाबरोबरच त्यांच्या अभंगांनी लिंगायत समाजातील भजनाला मोठा आधार दिला. कार्तिकी पौर्णिमेला तेथे दूरदूरच्या गावांतून पदयात्रा येतात व त्यांच्याबरोबर टाळ-मृदंगाची भजने येतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडील अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, तर ‘पदार्णव’ या विपुल पदसंग्रहाचे कर्ते दासोपंत यांनी आपले उत्तरायुष्य तेथेच व्यतीत केले. बीडजवळचा नारायणगड आणि नेकनूर येथील बंकटस्वामींचा मठ ही वारकरी परंपरेची केंद्रे आहेत. या सर्व ठिकाणी गाणे हे उपासनेचे अंग असल्यामुळे, गावातील मुलाच्या कानावर तालासुराचे संस्कार होण्यासाठी स्वतंत्र पाठशाळेची गरज भासत नसे.

वारकरी भजनातील शिक्षणाचा क्रम कोठे लिहिलेला नसला, तरी तो निश्चित होता. मूल प्रथम टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभे राही आणि टाळ धरण्याची रीत, टाळाचा नाद मोकळा ठेवणे व दाबणे, तसेच तालावर पावले टाकण्याची ‘पावली’ शिके. लय अंगात मुरली की ते चाल उचलू लागे. म्हणजे पुढच्या गायकाने म्हटलेले चरण त्याच चालीत व त्याच जोमाने मागून म्हणू लागे. पुढे ज्याचा आवाज चढा आणि खणखणीत असेल त्याला एखादा अभंग स्वतंत्रपणे म्हणण्यास सांगितले जाई, तर ज्याचा हात तयार वाटे त्याला पखवाजाजवळ बसवले जाई. पखवाज हे दोन्ही बाजूंनी वाजवायचे आडवे चर्मवाद्य असून, उजव्या तोंडावर शाई आणि डाव्या तोंडावर वाजविण्यापूर्वी कणकेचा लेप असतो. हा लेप योग्य प्रमाणात लावणे हाही शिक्षणाचाच भाग असे. अशा रीतीने गुणी मूल ओळखण्याचे काम संपूर्ण भजनी मंडळ करीत असे आणि त्यासाठी कोणतेही शुल्क आकारले जात नसे.

या शिक्षणाचे वेळापत्रक पंचांग ठरवीत असे. पंधरा दिवसांनी येणाऱ्या एकादशीच्या रात्री जागर होई. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात पोथी आणि भजन नियमाने चाले. अखंड हरिनाम सप्ताहात पहाटेचा काकडा, सकाळचे पारायण, दुपारचे गाथाभजन, सायंकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन असा दिवसभराचा क्रम सात दिवस राही. काकड्यातील भूपाळीच्या चाली आणि कीर्तनाच्या अखेरीची भैरवी यांमुळे दिवसाचा प्रहर आणि स्वर यांचे नाते रागांची नावे ठाऊक नसतानाही मुलांच्या मनावर ठसे. सप्ताहासाठी बाहेरगावाहून आलेले गायक आणि मृदंगवादक हे या मुलांच्या दृष्टीने आठवडाभराचे गुरूच असत.

या मौखिक परंपरेला संस्थेचे रूप लाभले ते आळंदीत. विष्णुबुवा जोग (१८६७–१९२०) यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथे ज्ञानेश्वरी, गाथा आणि संस्कृत ग्रंथांच्या अध्ययनाबरोबर गायन व मृदंग यांचेही शिक्षण मिळू लागले, आणि विद्यार्थी माधुकरी मागून, म्हणजे घरोघरी शिजलेल्या अन्नाची भिक्षा मागून, निर्वाह करीत असल्यामुळे गरीब घरातील मुलालाही तेथे राहता आले. जोग महाराजांचे शिष्य बंकटस्वामी यांच्यामुळे बीड जिल्ह्याचा आळंदीशी दृढ संबंध जुळला. त्यांच्याजवळ अध्ययन केलेले भगवानबाबा (१८९६–१९६५) याच जिल्ह्यातील सावरगावचे होते आणि पुढे भगवानगडाच्या रूपाने त्यांनी या डोंगराळ भागाला आपले स्वतःचे केंद्र दिले. आळंदीहून शिकून परतलेला तरुण गावात कीर्तन, गायन किंवा पखवाज शिकवू लागे आणि त्यामुळे गावातील भजनाला शिस्तबद्ध तालमीची जोड मिळे.

याच सुमारास शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रात एक वेगळे परिवर्तन घडत होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली, परंतु ती शिकविण्याची रीत गुरुगृही वर्षानुवर्षे राहून सेवा करण्याची होती. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी मिरज सोडल्यानंतर ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. इयत्ता, वेळापत्रक, स्वरलिपी म्हणजे गाणे लिहून ठेवण्याची चिन्हपद्धती, आणि ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके या साधनांनी त्यांनी संगीत विद्यालयाच्या चौकटीत आणले. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी शेकडो बंदिशी संकलित करून क्रमिक पुस्तकांतून प्रसिद्ध केल्या आणि १९२६ मध्ये लखनौ येथे स्थापन झालेल्या मॅरिस कॉलेजला अभ्यासक्रमाचा पाया घालून दिला. पलुसकरांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अहमदाबाद येथे स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळामुळे पुढे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी परीक्षांची साखळी देशभर पसरली.

विद्यालयीन पद्धतीने शिक्षणाचा वेळ तासांत मोजला, आणि तास मोजता येऊ लागल्यावर शाळकरी मुलासाठी आठवड्याच्या अखेरीचा वर्ग शक्य झाला. त्यासाठी आवश्यक असलेली साप्ताहिक सुटी हीसुद्धा एका संघर्षातून मिळालेली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या मागणीस १८९० मध्ये यश आले आणि रविवार हा सुटीचा दिवस ठरला. सुटीच्या दिवसाचा असा उपयोग अन्यत्रही होत होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकने १९२६ मध्ये शाळकरी मुलांसाठी सुरू केलेला कनिष्ठ विभाग शनिवारच्या वर्गांसाठीच ओळखला जातो. सामान्य घरातील गुणी मुलाने शाळा न सोडता उत्तम शिक्षकाजवळ शिकावे हा विचार त्या काळात जगात अनेक ठिकाणी रुजत होता.

बीड जिल्ह्यापर्यंत मात्र ही पद्धत उशिरा पोहोचली. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे साप्ताहिक सुटी शुक्रवारची असे, शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते आणि शाळांची संख्याही तुटपुंजी होती. पुणे, मुंबई, मिरज येथील संगीत विद्यालयांचे कार्यक्षेत्र ब्रिटिश मुलूख आणि दक्षिण महाराष्ट्रातील संस्थाने यांत वाढत असताना, पालीसारख्या गावातील मुलाला उपलब्ध असलेले संगीतशिक्षण भजन, कीर्तन, गोंधळ आणि देवळातील वाद्यसेवा एवढेच होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेत विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य निर्माण झाले. या घटनाक्रमाने रविवारची सुटी, मराठी माध्यमाच्या शाळा आणि गावोगावी नेमणूक झालेले शिक्षक अशी तीनही साधने एकत्र आली. नांदेडला अण्णासाहेब गुंजकर यांच्याकडे शिकलेले आणि पुढे औरंगाबादेत अनेक शिष्य घडविणारे नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) हे मराठवाड्याच्या भूमीतच शास्त्रीय संगीताची तालीम देणाऱ्या पिढीचे ठळक प्रतिनिधी होत.

शनिवारी सकाळची शाळा आणि रविवारी पूर्ण सुटी या महाराष्ट्रातील शालेय रीतीमुळे शनिवारची दुपार व रविवारची सकाळ हा संगीतवर्गांचा स्वाभाविक काळ बनला. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी भरणाऱ्या अशा वर्गात प्रारंभी पलटे, म्हणजे स्वरांचे नियमबद्ध समूह, नंतर केवळ स्वरनामांवर रचलेले सरगमगीत, रागाची लक्षणे सांगणारे लक्षणगीत आणि त्यानंतर छोटा ख्याल अशा क्रमाने भूप, दुर्गा, काफी यांसारखे सोपे राग शिकविले जातात. केंद्र शासनाच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राने १९८२ पासून १० ते १४ वर्षे वयाच्या कलावंत मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तर अलीकडे महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय व लोककलांतील प्रावीण्यासाठी वाढीव गुण मिळू लागले. यामुळे वर्गांना प्रतिष्ठा आली. परंतु काही घरांत संगीताकडे गुणांचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले, हा बदलही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भजनाची परंपरा आणि वर्गाची पद्धत यांच्या भेटीतून मुलांना जो लाभ झाला, तो विशेषतः दोन बाबतींत स्पष्ट दिसतो. पहिली बाब आवाजाची आहे. वारकरी गायनात पट्टी, म्हणजे ज्या स्वराला षड्ज मानून गायचे तो आधारस्वर, उंच ठेवण्याकडे कल असतो आणि लहान मुलाला तो सहज पेलतो. परंतु किशोरवयात आवाज फुटू लागल्यावर त्याच पट्टीत गाण्याचा आग्रह धरल्यास गळ्यावर ताण येतो. जाणता शिक्षक अशा वेळी पट्टी खाली आणतो आणि खर्जाचा, म्हणजे मंद्र सप्तकातील खालच्या स्वरांचा, रियाज सावकाश करवून घेतो. दुसरी बाब मुलींच्या शिक्षणाची आहे. फडावर उभे राहून गाण्याची संधी मुलींना दीर्घकाळ क्वचितच मिळाली. पलुसकरांनी संगीताला सभ्य समाजात जे स्थान मिळवून दिले त्यामुळे परीक्षेचा वर्ग हा मुलींसाठी निःशंकपणे खुला असलेला मार्ग ठरला, आणि त्यातून तयार झालेल्या स्त्रिया आज कीर्तनाच्या व भजनाच्या क्षेत्रातही वावरताना दिसतात. उलटपक्षी, भजनातून आलेल्या मुलाजवळ लयीची जी पक्की जाण, पाठांतर आणि समूहात गाण्याचे धैर्य असते, ते पुस्तकातून शिकविता येत नाही, आणि वर्गातील शिक्षकाला ही शिदोरी आयती मिळते.

या इतिहासाचा सर्वांत कठीण भाग बीड जिल्ह्याच्या अर्थकारणाशी निगडित आहे. अपुरा पाऊस आणि कोरडवाहू शेती यांमुळे जिल्ह्यातील लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीने फेडावयाची असते, आणि मागे सांभाळणारे कोणी नसल्यास मुलेही बरोबर जातात. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांनी शालेय शिक्षणातील खंड काही अंशी भरून काढला, तरी संगीताचा रियाज मात्र तुटतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, साधारणपणे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर या काळात होतात. त्यांपैकी दुसरे सत्र स्थलांतराच्या ऐन हंगामात येते आणि पहिले सत्र कुटुंबे नुकतीच परतलेली असताना येते. म्हणजे अखंड वर्षभर एका ठिकाणी राहणारे मूल गृहीत धरणारी ही व्यवस्था ऊसतोड कामगाराच्या मुलाला नकळत बाहेर ठेवते.

येथे पंचांगाच्या जुन्या कालगणनेचे महत्त्व नव्याने लक्षात येते. आषाढी ते कार्तिकी हा चातुर्मासाचा काळ म्हणजेच ही कुटुंबे प्रायः गावी असण्याचा काळ आहे. पेरणीनंतरच्या सवडीत एकत्र जमून गाण्याची जी रीत पूर्वजांनी पाडली, ती या भागातील श्रमिकांच्या आजच्या जीवनक्रमाशीही जुळते. म्हणून शनिवार-रविवारचे वर्ग या चार महिन्यांत अधिक दाट करणे, ते तालुक्याच्या गावाऐवजी गावातील देवळात किंवा शाळेत भरविणे, तानपुरा, पेटी आणि पखवाज ही वाद्ये सामाईक ठेवणे आणि स्थलांतराच्या काळासाठी मुलाला टाळ व कंठ एवढ्यावरच करता येईल असा रियाज लावून देणे, हे उपाय या इतिहासातूनच सुचतात. आळंदीने माधुकरीच्या आधारावर गरीब मुलाला शिक्षणात सामावून घेतले होते, आणि पलुसकरांनी गुरुगृहाच्या उंबऱ्यापलीकडे विद्या नेली होती. दोघांनीही शिकणाऱ्याची परिस्थिती पाहून व्यवस्था बदलली.

पाली आणि तिच्यासारख्या गावांत गुणी मुलांची वाण कधीच नव्हती, कारण ती ओळखणारे भजनी मंडळ गावोगाव उभे होते. उणीव होती ती ओळखलेल्या गुणाला वर्षानुवर्षे सलग तालीम मिळण्याची. एकादशीच्या परंपरेने मुलाला कान आणि लय दिली, रविवारच्या वर्गाने त्याला पद्धत आणि प्रमाणपत्र दिले. आता या दोहोंची सांगड गावाच्या प्रत्यक्ष वर्षक्रमाशी घालणे, ही या जिल्ह्यातील शिक्षक, कीर्तनकार आणि शिक्षणसंस्था यांची सामाईक जबाबदारी आहे. ती पार पाडली गेली, तर उसाच्या फडात सहा महिने काढणाऱ्या मुलालाही विशारदापर्यंतचा मार्ग खुला राहील, आणि या भागातील संगीतशिक्षणाचा इतिहास आपल्या मूळ उदार वृत्तीला जागला असे म्हणता येईल.